शंभरातले चव्वेचाळीस

मी एक काटा आहे. पायात मोडतो तो नव्हे आणि घड्याळात फिरतो तोही नव्हे. मी वजनाचा काटा. देगलूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या ओट्यावर एका काचेच्या पेटीत राहतो. पुस्तकात मला रासायनिक तराजू म्हणतात. इथं कुणी तसं म्हटलेलं मी ऐकलं नाही.

माझा जन्म अंबाल्याचा. तिकडे गल्लोगल्ली शाळा-कॉलेजांचं सामान बनतं. पितळेची दांडी, तिच्या दोन टोकांना दोन पारडी, मधोमध अकीकाच्या दगडाची बारीक धार आणि खाली लोंबणारी एक लांब सुई, एवढाच माझा देह. ज्या कारागिरानं मला जुळवलं त्याच्या हाताला तंबाखूचा वास यायचा. दांडी तोलताना तो श्वास रोखून धरायचा. मला वाटलं, काहीही मोजताना सगळीच माणसं श्वास रोखत असतील. पुढे कळलं की तसं नसतं.

गवतात गुंडाळून, खोक्यात बंद होऊन मी ट्रकनं देगलूरला आलो. खोकं उघडलं ते नरसिंगमामांनी. तेव्हा ते मामा नव्हते. नुकतेच परिचर म्हणून लागलेले विशीतले नरसिंग होते. त्यांनी माझ्या अंगावरची गवताची काडी न् काडी चिमट्यानं उचलली आणि ओट्यावर ठेवण्याआधी ओटा सपाट आहे का ते पाण्याची वाटी ठेवून पाहिलं. पुढची सगळी वर्षं माझी काळजी त्यांनीच घेतली.

ती वर्षं चांगली होती. चाळीस-चाळीस पोरं रांगेत उभी राहायची. मामा सारखे बजावायचे, "वजनाला बोट लावू नका, चिमट्यानं धरा. पेटीचं दार लावा, वारं लागतंय त्याला." एकदा मॅग्नेशियमची फीत जाळून तिची राख पोरांनी माझ्यावर ठेवली, तर वजन वाढलेलं. जळाल्यावर हलकं व्हायला पाहिजे की नको, यावर अर्धा तास भांडण झालं. कुणी म्हणालं काटा बिघडलाय. मामा म्हणाले, "काटा न्हाई बिघडला. हवेतलं काहीतरी येऊन बसलंय त्याच्यात. सरांना विचारा." त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. माझ्या बाजूनं कुणीतरी बोललं होतं.

मग हळूहळू रांग आटत गेली. दहावी झाली की शहाणी पोरं लातूरला किंवा नांदेडला क्लासला जाऊ लागली. नावं आमच्या हजेरीत आणि पोरं तिकडे. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी ती यायची, वह्या दाखवायची, सह्या घ्यायची आणि दुपारच्या गाडीनं परत जायची. मधे बटणाचा नवा काटा आला. आकडे लाल अक्षरांत दाखवायचा. वर्षभरात त्याचा चार्जर हरवला आणि तो कपाटात गेला, पण मला कुणी पुन्हा विचारलं नाही. मामा मात्र दर शनिवारी माझी काच पुसत. पुसून झालं की उगाच एक छोटं वजन ठेवत आणि सुई हलताना बघत उभे राहत.

लुंबिनी मला भेटली ती अशा दिवसांत. कोरोनाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. अकरावी विज्ञानाच्या वर्गात रोज येणाऱ्या सात मुलांपैकी ती एक. लातूरला जाणं परवडत नव्हतं म्हणून इथं राहिलेली. बारीक चणीची, बोलताना समोरच्याकडे सरळ बघणारी. भादव्यातल्या एका दुपारी, तास नसताना, ती प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

"मामा, काटा चालू आहे का?"

"कामून? आज प्रॅक्टिकल न्हाई."

"प्रॅक्टिकल नाही. माझ्या आईचं काम आहे."

मामांनी तिला स्टुलावर बसवलं. मग ती जे बोलली ते मी ऐकलं.

तिची आई पंचशीला उदगीर रस्त्यावरच्या चुन्याच्या भट्टीवर बारा वर्षं कामाला. दगड भरणं, भाजलेला चुना निवडणं, पोत्यात भरणं, सगळं तिच्या हातचं. चुन्याच्या खोलीची किल्लीही तिच्याचकडे असायची. जुने मालक होते तोवर सगळं टोपल्यांनी चालायचं. ते गेले आणि त्यांचा मुलगा श्रीशैल भट्टी बघू लागला. त्यानं मोठा वजनकाटा बसवला. दगड आत जाताना तोलायचा, चुना बाहेर येताना तोलायचा. पहिल्याच खेपेला शंभर क्विंटल दगड आत गेला आणि बावन्न क्विंटल चुना बाहेर आला.

"बाकीचा अठ्ठेचाळीस क्विंटल कुठं गेला?" त्यानं भट्टीवर सगळ्यांसमोर विचारलं.

पंचशीला म्हणाली, "आगीत जातंय मालक. पयल्यापासून असंच हाय."

"लाकूड जळतं. दगड कुठं जळतो?" तो म्हणाला. "किल्ली कुणाकडं असते?"

तिनं किल्ली त्याच्या पुढ्यात ठेवली आणि घरी आली. त्याला आठ दिवस झाले होते. भट्टीवरच्या बायका आता तिला टाळून दुसऱ्या वाटेनं जात होत्या. किराणा दुकानदार तिच्या देखत गल्ल्याचं कुलूप चाचपत होता.

"आणि यात मी अजून घाण करून ठेवली, मामा," लुंबिनी म्हणाली.

वर्गात त्याच आठवड्यात अणूंच्या वजनांचा धडा झाला होता. कॅल्शियम चाळीस, कार्बन बारा, ऑक्सिजन सोळा आणि तो तीनदा. सगळं मिळून शंभर. चुनखडी तापली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, तो चव्वेचाळीस. मागे उरतो तो चुना, छप्पन. शंभर ग्रॅमला छप्पन ग्रॅम, शंभर क्विंटलला छप्पन क्विंटल. पोरीला इतका आनंद झाला की ती वही घेऊन थेट भट्टीवर गेली. श्रीशैलनं सगळं नीट वाचलं. तोही याच कॉलेजातून बारावी झालेला. वाचून म्हणाला, "बरं. छप्पन व्हायला पाहिजे. माझ्याकडं बावन्न आलंय. मग चार क्विंटल कुठं हाय?"

आधी नुसता संशय होता. आता त्याला तिनं स्वतःच्या हातानं आकडा मिळवून दिला होता.

"आईला सांगितलं," ती म्हणाली. "नुसती म्हणाली, तुझ्या पुस्तकात दगड बघितलाय का कुणी."

मामांनी एकदा माझ्या पेटीकडे बघितलं. मग म्हणाले, "उद्या तुझ्या आईला घिऊन ये. आन् भट्टीवरचा दगड आन."

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. पंचशीलानं चपला दाराबाहेर काढल्या. मामा म्हणाले, "ताई, चपला असू द्या, इथं फरशीवर ॲसिड सांडलेलं असतंय," तरी तिनं त्या पुन्हा घातल्या नाहीत. ओढणीच्या गाठीतून लुंबिनीनं दगड सोडले. पांढरट, मऊ, हाताला पावडर लागणारे. भट्टीमागच्या उघड्या ढिगातले होते. पोळ्यापासून झड लागली होती आणि ढीग तसाच भिजत पडला होता.

पंचशीलानं एक दगड उचलून तळहातावर तोलला. मग खिडकीच्या पट्टीवर गेल्या महिन्यातल्या प्रॅक्टिकलचा, पडून वाळलेला तसलाच एक तुकडा दिसला तो दुसऱ्या हातात घेतला. दोन्ही सारख्याच आकाराचे.

"ह्यो वल्ला हाय," ती म्हणाली. "वल्ला दगड जड लागतो. ढिगातला समदाच वल्ला व्हता तवा. मी म्हनलं बी, मालक, थोडं वाळू द्या. त्येला घाई व्हती."

लुंबिनी आईकडे बघतच राहिली. "हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस का?"

मामांनी माझ्या पेटीचं दार उघडलं. किती दिवसांनी माझ्यावर खरोखरचं काही ठेवलं जात होतं. आधी ओला दगड, मग वाळलेला. पंचशीलाच्या हातानं जे सांगितलं तेच मी सांगितलं, फक्त जरा बारीक करून. तिच्या तळहाताला भाजल्याचे जुने डाग होते आणि चुन्यानं बोटांची टोकं चिरली होती. मला वाटलं, ही माझ्याच कुळातली आहे. आयुष्यभर तोलत आली आणि कधी कुणी तिला विचारलं नाही.

मग लुंबिनीनं कामाला सुरुवात केली. ओल्या दगडाचे तुकडे करून तिनं माझ्यावर बरोबर शंभर ग्रॅम केले. शेवटचा कण ठेवताना तिनं श्वास रोखला होता. तुकडे छोट्या ओव्हनमध्ये रात्रभर वाळवले. सकाळी वजन भरलं त्र्याण्णव. सात ग्रॅम नुसतं पाणी. तिनं वहीत मांडलं: त्र्याण्णव गुणिले छप्पन, भागिले शंभर. उत्तर बावन्न आणि वर थोडंसं.

ती उठून उभी राहिली आणि परत बसली. "मामा, कागदावर मी एकदा तोंडघशी पडलेय. यावेळी कागद नको."

नरसिंगमामा स्वतः श्रीशैलकडे गेले. एकेकाळी त्यांनी त्याला याच खोलीत चिमटा धरायला शिकवला होता, म्हणजे शिकवायचा प्रयत्न केला होता. ते काय बोलले ते मला ठाऊक नाही. पण तो आला. त्यानं स्वतः ढिगातून दगड निवडले, स्वतः माझ्यासमोर बसून शंभर ग्रॅम होईपर्यंत सुई बघितली आणि तुकडे लोखंडी डबीत घातले. झाकण तारेनं असं बांधलं की वाफ निघेल पण तुकडा पडणार नाही. "डबी मीच भट्टीत ठेवणार आणि मीच काढणार," तो म्हणाला. लुंबिनी म्हणाली, "ठेवा."

भट्टी तीन दिवस जळते. ते तीन दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. माझ्यासारख्याला काळजी करायचं कारण नसतं. दोन पारडी सारखी झाली की थांबायचं, एवढंच मला शिकवलंय. पण त्या दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं की उत्तर अमुकच यावं. मला स्वतःचीच भीती वाटली. आकडा वेगळा आला असता तर मी तोही तसाच दाखवला असता.

चौथ्या दिवशी श्रीशैल मोटारसायकलवरून डबी मांडीवर धरून आला; गाडी दुसराच कुणी चालवत होता. पंचशीला आणि लुंबिनी आधीच येऊन बसल्या होत्या. झाकण उघडलं. तुकडे तेवढेच दिसत होते, तशाच आकाराचे, फक्त जास्त पांढरे. श्रीशैलनं एक उचलला आणि त्याचा चेहरा बदलला. बिस्किटासारखा हलका लागला असणार. इतके दिवस भट्टीचा मालक होता, पण मला वाटतं, चुना हातात घ्यायची ती त्याची पहिलीच वेळ असावी.

लुंबिनीनं एकेक वजन चढवलं. पन्नासचं, मग दोनचं, मग बारीक पत्र्याची वजनं. सुई डावीकडे गेली, उजवीकडे गेली आणि मधोमध थांबली.

"बावन्न पूर्णांक तीन," ती म्हणाली.

"परत कर," श्रीशैल म्हणाला.

तिनं सगळी वजनं उतरवली आणि पुन्हा चढवली. या वेळी बावन्न पूर्णांक चार आलं. त्यानं मान वर केली. "बघ, बदललं."

"उघडा राहिला की चुना हवेतलं पाणी ओढतो," ती म्हणाली. "तुम्ही बसून राहा, संध्याकाळपर्यंत अजून वाढेल."

तो बसून राहिला. दहा-पंधरा मिनिटं नुसता सुईकडे बघत होता आणि सुई अगदी सावकाश एका बाजूला सरकत होती. शेवटी त्यानं डबीचं झाकण लावलं.

"पंचशीलाबाई, उद्यापासून या," तो म्हणाला. "चुकलं माझं."

पंचशीला खिडकीजवळ उभी होती. ती म्हणाली, "भट्टीवर धा मानसांसमोर चोर म्हनलाव. हितं दार लावून चुकलं म्हनून राहिलाव."

"भट्टीवर पण सांगतो."

"सांगा. पर मी न्हाई येनार."

"का? आता तर सगळं जुळलंय."

"आज जुळलं म्हनून बोलावलाव, मालक. फुडल्या टायमाला न्हाई जुळलं तर पुन्हा माझ्याच घराकडं बघताल. बारा वर्सं तुमच्या बापानं किल्ली दिली व्हती. त्यांनी कंदी तोललं न्हाई."

तो गेला. त्यानं भट्टीवर सांगितलंही, असं मामांनी मला पुढे काच पुसताना सांगितलं. गाडीवरून न उतरता, एक पाय खाली टेकवून सांगितलं म्हणे. भट्टीवरच्या चार बायकांनी ते ऐकलं. पण चोर म्हटलेलं गावभर गेलं होतं, ते परत गोळा करून आणणार कोण?

मी इतका अचूक काटा, पण माझ्याकडून एवढंच झालं. दगडातून उडून गेलेल्या चव्वेचाळीस भागांचा माग मी लावला, पाण्याचे सात भागही शोधून दिले. त्या बाईच्या जिवातून जे उडून गेलं ते माझ्या कुठल्याच पारड्यात मावणारं नव्हतं.

दिवाळीच्या आधी लुंबिनी निरोप घ्यायला आली. आईला लातूरला मुलींच्या खाणावळीत पोळ्या लाटायचं काम मिळालं होतं. क्लासला आलेल्या तीनशे मुलींचं जेवण तिथं व्हायचं. लुंबिनी तिथल्याच एका कॉलेजात नाव घालणार होती.

"क्लास लावणार का?" मामांनी विचारलं.

"बघू. आई म्हणते आधी खोलीचं बघू." ती माझ्याजवळ आली. काचेवर तिनं बोट टेकवलं आणि काढून घेतलं, ठसा उमटेल म्हणून ओढणीनं पुसलं. "मामा, लातूरला असा काटा असेल का?"

"लातूरला समदं आसतंय पोरी," मामा म्हणाले. "वेळ न्हाई आसत."

ती हसली आणि गेली. तिच्यानंतर त्या वर्षी माझ्यावर कुणी काही ठेवलं नाही. पुढच्या मार्चमध्ये कोरोनामुळे कॉलेजच बंद झालं आणि प्रयोगशाळेला कुलूप लागलं. दीड वर्ष मी अंधारात पाली आणि कोळी बघितले. कुलूप निघालं तेव्हा मामांच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते. सगळ्या शनिवारांची भरपाई ते जणू त्या सहा महिन्यांत करत होते. जायच्या दिवशी त्यांना हार घातला, शाल दिली. सगळे निघून गेल्यावर ते परत आले, माझ्याजवळ उभे राहिले, पण वजन ठेवलं नाही. नुसते म्हणाले, "नवीन मानूस येईल आता." त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही.

मला सर्वात जास्त आठवते ती त्यानंतरची एक दुपार. मामा निवृत्त होऊन वर्ष झालं असेल. ओसरीत पावलं वाजली आणि आवाज आला, "सर, लॅब उघडी आहे का?" आवाज जरा जाड झाला होता, पण मी ओळखला. कसल्याशा दाखल्यासाठी ती आली होती. कारकून म्हणाला, "लॅब बंद असते. किल्ली मॅडमकडे, मॅडम नांदेडला गेल्यात. काय काम होतं?"

"काही नाही. एक वस्तू बघायची होती."

मग ती खिडकीशी आली. काचेला दोन्ही हात लावून तिनं आत डोकावलं. तिच्या बोटांचे आकार मला काचेवर दिसत होते, पण चेहरा दिसत नव्हता. खिडकीवर वर्षभराची धूळ होती, माझ्या पेटीवरही होती. तिनं बाहेरून काच पुसली, पण धूळ आतल्या बाजूला होती. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. आमच्यात चार फुटांचं अंतर होतं. मला माझी सुई एकदा हलवता आली असती तर तिला दिसली असती का, कुणास ठाऊक. मग कारकुनानं हाक मारली आणि हात काचेवरून निघून गेले.

आता माझं वय चाळीसच्या घरात आहे. अकीकाची धार अजून तशीच तीक्ष्ण आहे. गेल्या महिन्यात दोन मॅडम यादी घेऊन आल्या. जुनं, मोडकं सामान काढून टाकायचंय. माझ्या पेटीवर त्यांनी खडूनं फुली मारली. एक म्हणाली, "हा चालत नसेल," आणि दुसरीनं मान हलवली. कुणी दार उघडून बघितलं नाही. मी मोडलेलो नाही, हे सांगायला मला तोंड नाही. तुम्ही वाचताय म्हणून तुम्हाला सांगतोय.

भंगारात जायचं मला दुःख नाही. पितळ वितळून पुन्हा काहीतरी होतं. पण जायच्या आधी एकदा कुणी तरी माझ्यावर काहीतरी ठेवावं असं वाटतं. काहीही चालेल. खडूचा तुकडा ठेवा, तुरीचा दाणा ठेवा. मी खरं सांगेन.

आणि तुमच्यापैकी कुणी लातूरला असाल, आणि लुंबिनी नावाची, सरळ बघून बोलणारी मुलगी तुम्हाला भेटली, तर तिला माझं एक विचारा. त्या दुपारी ती खिडकीशी उभी होती तेव्हापासून ते मनात राहिलंय. तिचं शिक्षण किती झालं, ती कुठं कामाला लागली, हे तीच सांगेल. मला एवढंच विचारायचंय, की तिची आई आता जिथं काम करते, तिथली किल्ली कुणाकडे असते?